सहा नऊ आणि एक

"बाकी किती?" शेषेरावांनी खाटेवरून विचारलं.

तारामतीनं वहीत पुन्हा पाहिलं. "शून्य."

"नीट बघ."

"दोनदा केलं ओ. नऊशे सत्त्याण्णवनं पुरता भाग गेला. खाली काईच उरंना."

शेषेरावांनी मान भिंतीकडे वळवली. "मंग आपला आकडा तुटला म्हणायचा," ते म्हणाले. "तुझा हिशेब कधी चुकत न्हाई. ठेव वही."

औशाच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेल्या या माणसाला आकड्यांचं भारी वेड. गाड्या नसल्या की पावतीच्या पाठीमागं भागाकार चालायचे. रिटायर झाल्यावर एक आकडा त्यांच्या मनात घर करून बसला. सहा वेळा नऊ आणि शेवटी एक. कोटीला नऊ कमी. दोननं भागा, तीननं भागा, पाच, सात, अकरा, तेरा, कशानंही भागा, बाकी एकच. "कुणाच्या वाटणीत न बसणारा हाय बघ," ते कौतुकानं म्हणायचे, जणू घरातलंच कुणी.

ही मूळ संख्या आहे की नाही, हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. त्यासाठी तीन हजार एकशे बासष्टपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं तिला भागायचं. असे चारशे सेहेचाळीस भागाकार. अंघोळ झाली की रोज एक.

"बाबा, मोबाईल मिनिटात सांगतो," लातूरहून आलेली लेक ऋतुजा एकदा म्हणाली होती.

"सांगंल की. पर ते त्याला कळलं. मला कुठं?"

एकशे सदुसष्ट झाले आणि उजवा हात लुळा पडला. नजरही गेल्यातच जमा. मग सातवी शिकलेली, जन्मभर ब्लाउज शिवलेली तारामती वही घेऊन बसली. नऊशे सत्त्याण्णवचा तो भागाकार वहीतला तिचा पहिलाच होता.

त्या दिवसानंतर त्यांनी आकड्याचं नाव काढलं नाही. चहा दिला तर घेतला, नाही दिला तर मागितला नाही. नवव्या दिवशी गेले. सुटले बिचारे, असं लोक म्हणाले. तारामतीला मात्र त्यांचा त्या दिवशीचा पडलेला चेहरा दिसत राहिला.

चौदावा झाला, पाहुणे गेले. ट्रंकेत ठेवण्याआधी तिनं वही उघडली. डाव्या पानावर त्यांचा शेवटचा भागाकार, उजव्यावर तिचा. तिची ओळ आखूड दिसत होती. तिनं नऊंवर बोट ठेवून मोजलं. त्यांचे सहा होते. तिचे पाच. पुन्हा मोजलं, तरी पाचच.

आकडा तुटला असं ठरलंच नव्हतं. तिनं भलत्याच आकड्याला भागलं होतं, दोनदा, आणि तेच खरं मानून तो माणूस गेला. चूक झाली हे ज्याला सांगायचं, तोच आता नव्हता.

मग पेन्सिल घेऊन तिनं खालीच सहा नऊंचा भागाकार मांडला. दहा हजार तीस वेळा भाग गेला.

"उरलं ओ," ती रिकाम्या खाटेकडे बघून म्हणाली. "एक्क्याऐंशी उरलं."

समासात त्यांनीच लिहून ठेवलेला पुढचा आकडा होता, एक हजार नऊ. तिनं पान उलटलं, बोटावर मोजत सहा नऊ लिहिले, शेवटी एक लिहिला आणि भागायला बसली.