डावऱ्याच्या नावाचा पत्रा

भोंग्याला लोक भोंगा म्हणायचे, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. तीस वर्षं पत्रे ठोकून त्याचे कान अर्धे गेले होते. स्वतःचं बोलणं स्वतःला नीट ऐकू येत नसल्यामुळे तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईल एवढ्या आवाजात बोलायचा. दुकानात तो पाण्याच्या टाक्या, धुराडी, टपालपेट्या बनवायचा. घरी जेवताना मीठ मागितलं तरी शेजारीण दचकायची. बायको म्हणायची, "अहो, मी समोरच बसलेय."

रविवारी मात्र त्या आवाजाचं चीज व्हायचं. क्लबच्या मैदानाला एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, आणि खालून तिसऱ्या पायरीवर, डाव्या कोपऱ्याच्या अगदी जवळ त्याची जागा ठरलेली होती. तो यायच्या आधी तिथं कुणी बसलं, तर आजूबाजूचेच त्याला उठवत. भोंगा ओरडला नाही तर सामना सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही.

त्याच कोपऱ्याच्या बाजूनं डावरा खेळायचा. एकोणिसाव्या वर्षी क्लबात आला तो. पुस्तकं बांधणाऱ्या एका माणसाचा मुलगा, अंगानं काडी, आणि सगळी जादू डाव्या पायात. इतर खेळाडू चेंडू मिळाला की पळत सुटायचे. हा थांबायचा. चेंडू पायाखाली धरून नुसता उभा राहायचा. समोरचे दोघं आपल्याच वेगात त्याच्या पुढे निघून जायचे, आणि मग हा बाजारात भाजी आणायला निघाल्यासारखा रमतगमत आत शिरायचा. त्याला आडवं जायचं म्हणून आडदांड गडी यायचे आणि रिकाम्या गवतावर घसरून पडायचे.

भोंग्याचा त्याच्यावर जीव होता. म्हणूनच तो सगळ्यात जास्त त्याच्यावर ओरडायचा. "अरे, चेंडू घरी नेणारेस का? दे की कुणाला तरी!" "केस कापून ये, गोल दिसत नाहीये तुला!" पायऱ्या खदखदायच्या. डावरा कधी वर बघायचा नाही, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. भोंगा ते बघायचा आणि खूश व्हायचा.

असं तीन वर्षं चाललं.

त्या मोसमातल्या शेवटून दुसऱ्या सामन्यात डावरा पहिल्या अर्ध्यात नेहमीसारखा खेळला. दुसऱ्या अर्ध्यात त्याचे पाय जड झाले. दोनदा चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेला आणि तो मागे वळलाही नाही. एकदा तर तो रेषेजवळ गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभा राहिला, भोंग्यापासून दहा पावलांवर.

भोंगा उठला. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळं मैदान ऐकेल असा ओरडला, "काय रे, बावीस वर्षांत म्हातारा झालास? की काठी आणून देऊ?"

हशा पिकला. डावऱ्यानं मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा भोंग्याकडे सरळ बघितलं. एक हात छातीवर होता. मग तो ताठ झाला आणि चेंडूमागे धावला.

चौथ्या दिवशी सकाळी सराव करताना तो पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलेलं होतं. हृदयात जन्मापासूनच दोष होता, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भोंगा अंत्ययात्रेत सगळ्यांत मागे चालला. त्यानंतर तो मैदानावर गेला नाही. बायकोनं एकदोनदा विचारलं. "गुडघा दुखतो," तो म्हणाला. दुकानात पत्रा मापून कापावा, ठोकावा, घरी यावं. बोलणंही कमी झालं. शेजारीण म्हणाली, तुमच्या घरात हल्ली कुणी नसतं का?

असं जवळजवळ वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी शिंपी दुकानात आला. हा शिंपी पायऱ्यांवरच्या मंडळींचा म्होरक्या. क्लबचे झेंडे त्याच्याच मशीनवर शिवले जायचे. लहानपणापासूनचा दोस्त, त्यामुळे तो भोंग्याला अरेतुरे करी.

"पुढच्या महिन्यात त्याला वर्ष होतंय," शिंपी म्हणाला. "कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर नावाची पाटी लावायचं ठरलंय. पितळेची, उठावाच्या अक्षरांची. तुझ्याशिवाय कोण करणार? आणि उद्या सगळे माझ्याकडे जमतायत. ये."

"गुडघा..." भोंगा म्हणाला.

"गुडघ्याला पण घेऊन ये."

शिंप्याच्या दुकानात कापडाच्या ताग्यांवर, स्टुलांवर, कटाईच्या टेबलाच्या कडेवर मिळून दहाबारा जण बसले होते. चहा झाला. बोलणं सुरू झालं आणि मग थांबेना. पाववाला म्हणाला, तो कॉर्नरवरून थेट गोल झाला तेव्हा पाऊस होता. औषधाच्या दुकानाचा मालक म्हणाला, पाऊस कुठला, रणरणतं ऊन होतं, माझी टोपी हरवली त्या दिवशी. गोल झाला याबद्दल मात्र दुमत नव्हतं. पाववाल्यानं टेबलावर बटणं मांडली आणि डावऱ्यानं कुणाकुणाला कसं फसवलं ते बटणं सरकवून दाखवलं. त्याला पाच जणांनी पाच ठिकाणी दुरुस्त केलं. लोक हसत होते आणि मधूनच कुणीतरी खिडकीबाहेर बघत होतं.

मग औषधवाला हसत म्हणाला, "आणि भोंग्याचं ते आठवतं का? काठी आणून देऊ!"

दोघंतिघं हसले. हसता हसताच त्यांच्या लक्षात आलं, तो सामना कुठला होता. शिंप्यानं बटणं गोळा करायला घेतली. भोंगा उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पितळेचा पत्रा कापला, कडा घासल्या, अक्षरांसाठी रेघा आखल्या. हातोडी उचलली आणि परत ठेवली. कुणाकडे डावऱ्याची जन्मतारीखही नव्हती आणि पूर्ण नावाच्याही दोन तऱ्हा सांगितल्या जात होत्या. ते त्याच्या वडिलांनाच विचारायला हवं होतं. शिंपी म्हणाला, मी जातो. भोंगा म्हणाला, "नको. माझं काम आहे."

पुस्तकबांधणीचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं आणि घर त्याच जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर. आत खळीचा वास होता. भिंतीलगत पुठ्ठ्यांची चवड, मध्ये पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. एक बारीक म्हातारा सुईदोऱ्यानं छापील कागदांचे गठ्ठे एकाला एक शिवत होता.

"या," म्हातारा म्हणाला. "तुम्ही पत्रेवाले ना? आवाजावरून ओळखलं असतं, पण तुम्ही काही बोललाच नाहीत."

भोंग्यानं काम सांगितलं. म्हाताऱ्यानं कागदाच्या कपट्यावर नाव आणि तारीख लिहून दिली. अक्षर सुरेख होतं. भोंग्यानं कपटा खिशात घातला आणि तरी तो उभाच राहिला.

"बसा," म्हातारा म्हणाला. "एक विचारायचं होतं. तो खेळायचा कसा? मी एकदाही गेलो नाही. रविवारी शाळांची कामं असायची. लोक सांगतात, फार छान खेळायचा. पण छान म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही."

भोंग्यानं सांगितलं. तो थांबायचा कसा, समोरचे पुढे निघून जायचे कसे, सगळं. त्यासाठी उठून खळीच्या डब्याचं झाकण पायाखाली घेऊन दाखवलं. म्हाताऱ्यानं सुई खाली ठेवून बघितलं. एकदा तो हसलासुद्धा. आणि ते हसू बघून भोंग्याला राहवलं नाही.

"त्याच्या शेवटच्या सामन्यात मी त्याच्यावर ओरडलो होतो," तो म्हणाला. "तो दमला होता. त्याची छाती दुखत होती, आणि मी त्याला म्हातारा म्हणालो. सगळ्यांना हसवलं."

म्हाताऱ्यानं सुई परत उचलली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्यानं घरी येऊन सांगितलं होतं. महिनाभर त्याला जिना चढताना दम लागायचा. दुसऱ्या मजल्यावर थांबायचा. मी म्हणायचो, नखरे आहेत, तुझ्या वयात मी कागदाची रिमं खांद्यावरून वर न्यायचो. त्या रात्री तो जेवताना म्हणाला, बाबा, आज भोंगाकाकासुद्धा तेच म्हणाले. वाटलं, हसत सांगतोय. वर बघितलं तर हसत नव्हता." त्यानं दोरा तोडला. "आणि मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, बघ, सगळ्या गावाला दिसतंय, फक्त तुलाच दिसत नाही तू किती आळशी झालायस."

भोंग्यानं झाकण उचलून डब्यावर बसवलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी तुम्हाला माफबिफ करायला बसलेलो नाही," म्हातारा म्हणाला. "माझंच मला निभत नाही. पण एक सांगतो. डॉक्टर म्हणाले, एक ईसीजी काढला असता तर बहुतेक कळलं असतं. पाच मिनिटांचं काम. कुणी काढलाच नाही. क्लबात अजूनही काढत नाहीत, मी विचारून आलो. पाटी लावा, चांगलं आहे. पण पाटीनं कुणाचं काय होणार?"

पुढच्या आठवड्यात क्लबची वार्षिक सभा होती. कार्यक्रम कसा करायचा, पाहुणा कोण बोलवायचा, यावर तास गेला. मग भोंगा उठला आणि म्हणाला, पुढच्या मोसमाआधी प्रत्येक खेळाडूचा ईसीजी निघाला पाहिजे. सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. सूचना चांगली आहे, म्हणाले, पुढच्या वर्षी विचार करू.

"यंदाच," भोंगा म्हणाला.

"खाली बसा. सभेची काही रीत असते."

"बसतो. एवढं बोलून बसतो." तो सभेकडे वळला. "काठी आणून देऊ का, असं मी त्याला म्हणालो. तुम्ही सगळे हसलात. पोरगं दहा पावलांवर छातीला हात लावून उभं होतं. त्याचा एकेक पास आपल्याला तोंडपाठ आहे. पाऊस होता की ऊन, यावर आपण भांडतो. पण त्याला बरं नाहीये, हे आपल्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही. आता काढा मला सभेबाहेर."

कुणी काढलं नाही. औषधवाला उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, मशीन घेऊन येतील. पाववाला उभा राहिला. शिंपी आधीच उभा होता. सेक्रेटरींनी चष्मा परत घातला आणि वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री भोंग्याला वर्षभरानं गाढ झोप लागली. सकाळी त्यानं पाटी ठोकायला घेतली. नाव, दोन तारखा, बाकी काही नाही. पाटी लागली तेव्हा म्हातारा आला होता. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, सगळी बरोबर आहेत ना ते बघितलं आणि मान हलवली.

तपासण्या दोन रविवार चालल्या. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर एकेक पोरगं शर्ट काढून आडवं होई, गुदगुल्या होतात म्हणून हसे, बाकीचे त्याची टिंगल करत. पहिल्या रविवारी सगळे ठीक निघाले. दुसऱ्या रविवारी डॉक्टरांनी गोलकीपरच्या ईसीजीची पट्टी दोनदा काढली. त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि तिथं हृदयात दोष असल्याचं नक्की झालं. वीस वर्षांचा, दारात उभा राहिला तर दार भरून जाईल असा गडी. त्याला सांगितलं, आता खेळायचं नाही. कधीच नाही.

त्याचा बाप गवंडी. तो तडक कामावरून, हाताला सिमेंट तसंच, भोंग्याच्या दुकानात आला.

"तूच ना तो? तूच सभेत तोंड वाजवलंस ना?" तो म्हणाला. "दुसऱ्या शहरातला क्लब त्याला न्यायला येणार होता. कागद तयार होते! चांगला धडधाकट पोरगा माझा, एका कागदाच्या पट्टीवर घरी बसवलात. तो जेवत नाही. आईशी बोलत नाही. तुला तुझ्या मनाची टोचणी होती, ती तू माझ्या पोराच्या जिवावर काढलीस!"

भोंग्यानं हातोडी खाली ठेवली होती. त्याला पुष्कळ बोलता आलं असतं. पण तो ऐकत राहिला. गवंड्याचा आवाज चिरकला, त्यानं कोपऱ्यातल्या धुराड्याला लाथ घातली आणि तो गेला. धुराडं घरंगळत रस्त्यापर्यंत गेलं. भोंग्यानं ते उचलून आणलं, दुकान बंद केलं आणि तो चालत पुस्तकबांधणीच्या दुकानात आला.

"तुमच्याकडेही आला होता वाटतं," त्याचा चेहरा बघून म्हातारा म्हणाला. "माझ्याकडे सकाळी येऊन गेला."

"तुम्हालाही बोलला?"

"बोलला. तुमच्या दुःखापायी आम्हाला का ओढता, म्हणाला. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, मुलगा काय करतोय? म्हणाला, खोलीत पडून असतो. किती हाका मारल्या तरी ओ देत नाही." म्हाताऱ्यानं शिवलेल्या कागदांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "मी म्हटलं, मारत राहा हाक."

"मग?"

"मग काय. बघत राहिला माझ्याकडे. मग गेला."

भोंगा स्टुलावर बसला. आपण केलं ते बरोबर केलं, हे त्याला कळत होतं, आणि तरी गवंड्याचा चिरकलेला आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. म्हाताऱ्यानं पुस्तकांची चवड शिकंज्यात सरकवली. एकट्यानं ती सरळ राहीना.

"जरा या बाजूनं धरता का?" तो म्हणाला. "हलवू नका. खळ ओली आहे."

भोंग्यानं दोन्ही हातांनी चवड धरली आणि म्हातारा हळूहळू शिकंज्याचा दांडा फिरवू लागला.