पूलवाल्या बाईंची पाच मिनिटं

संसदेत शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बाईंची जागा होती. विषय आरोग्याचा असो, शिक्षणाचा असो की संरक्षणाचा, पक्ष त्यांना पाच मिनिटं द्यायचा, तीही सभागृह जेवायला उठायच्या वेळी. बाई अभ्यास करून बोलायच्या आणि शेवटी गाडी हटकून पुलांवर आणायच्या. त्यामुळे त्यांचं नावच पडलं होतं पूलवाल्या बाई.

"आला, बाईंचा पूल आला," पुढच्या रांगेतून बांधकाम मंत्री म्हणायचे आणि हशा पिकायचा.

बाई राग गिळायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मतदारसंघातला नदीवरचा पूल कोसळला, तेव्हा बसमधल्या सत्तावीस माणसांबरोबर बसचालकही गेला होता. तो बाईंचा धाकटा भाऊ. तेव्हाही बांधकाम खातं याच मंत्र्यांकडे होतं. पूल भक्कम होता, चालक प्यायलेला होता, कठड्यावर आदळला, असं सभागृहात सांगून ते मोकळे झाले. भाऊ तर सुपारीच्या खांडालाही शिवत नसे. वहिनीला मात्र दारुड्याची बायको म्हणून घर बदलावं लागलं, मुलांना शाळेत दारुड्याची पोरं म्हणून ऐकावं लागलं. बाईंनी शाळेतली नोकरी सोडून निवडणूक लढवली ती त्याच रागानं.

त्यांची भाषणं कोणी ऐकत नव्हतं, पण छापील कामकाज सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक अभियंता वाचत होता. एके दिवशी तो घरी आला आणि त्यानं त्याच पुलाच्या तपासणीच्या जुन्या अहवालाची प्रत पुढे ठेवली. 'पूल धोकादायक, वाहतूक तत्काळ बंद करावी.' खाली मंत्र्यांचा शेरा, 'वाचले. निवडणुकीनंतर पाहू.' सही, तारीख. दुर्घटनेच्या दोन महिने आधीची.

"पेपरात द्या की हे," वहिनी म्हणाली.

"कागद खोटा आहे म्हणेल, नाहीतर कारकुनावर ढकलेल. आधी त्याच्याच तोंडून वदवून घेते."

त्यानंतर दोन वर्षं बाई गोड बोलल्या. रेल्वेच्या चर्चेत मंत्र्यांची कार्यतत्परता वाखाणली, अर्थसंकल्पावर बोलताना त्यांचा अनुभव. मंत्री हरभऱ्याच्या झाडावर चढत गेले. मग रस्तेसुरक्षेच्या विधेयकावरच्या चर्चेत बाईंनी विचारलं, "इतकी कामं असताना मंत्रिमहोदय पुलांचे अहवाल स्वतः वाचतात की खाली सोपवतात?"

"बाई, न वाचता मी सही करत नाही. आजवर एकदाही नाही," मंत्री छाती फुगवून म्हणाले.

"नोंद व्हावी, अध्यक्षमहाराज," असं म्हणून बाईंनी अहवाल वाचायला घेतला. शेरा वाचला, तारीख दोनदा वाचली. मग मेलेल्यांची नावं, वयासकट. मंत्री उठले, बसले, पुन्हा उठले. बाईंची पाच मिनिटं केव्हाच संपली होती, पण अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही. पूल भक्कम होता असं खोटं सांगून मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली, म्हणून बाईंनी तिथंच हक्कभंगाची सूचना दिली.

संध्याकाळी मंत्र्यांनी त्यांना जिन्यात गाठलं. "ताई, चूक झाली. हक्कभंगाची सूचना मागे घ्या. मला नातवंडं आहेत."

"त्यांना शाळेत काय ऐकावं लागतं, ते आता कळेल तुम्हाला," बाई म्हणाल्या. आपण हे बोललो, याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी राजीनामा आला, पुढे खटलाही उभा राहिला. पक्षानं बाईंना पुढच्या रांगेत जागा देऊ केली. त्यांनी नको म्हणून सांगितलं. त्या दुष्काळावरच्या चर्चेची तयारी करत होत्या. पाणीखात्याच्या मंत्र्यांचा एक कागद अभियंत्यानं कालच पाठवला होता.