वाटीतले चार काटे

“कुठून आले हे?”

तिने वाटी टेबलाच्या मधोमध ठेवली, तळलेला मासा, काकडीच्या फोडी आणि उकडलेली कणसं यांच्या शेजारी. वाटीत माशाचे चार काटे होते, केसासारखे बारीक. मीठ आणायला ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा बरणीमागे ही वाटी सापडली होती.

एवढा वेळ टेबलावर नुसता कल्ला चालला होता. धाकटी बहीण कुणाच्या तरी लग्नातली फजिती रंगवून सांगत होती, नात कणसाशी झुंजत होती, मुलाने हसता हसता टोमॅटोचा रस शर्टावर सांडला होता. आता सगळे वाटीकडे बघत राहिले.

“माझे नाहीत, ताई,” बहीण म्हणाली. “माझे दातसुद्धा माझे नाहीत.”

सुनेने हातातलं कणीस खाली ठेवलं.

“मी काढले, आई,” सून म्हणाली. “तुम्ही मासा साफ करून परसात भाजी तोडायला गेलात की मी एकदा नजर टाकते. पोरीच्या घशात काटा अडकला होता ना, तेव्हापासून.”

“तो खाणावळीतल्या माशाचा होता.”

सून खाली बघायला लागली. मुलगा म्हणाला, “आई, जाऊ दे ना. जेवण गार होतंय.”

“होऊ दे. कुठल्या माशाचा होता?”

“तुझ्याच.”

एकतीस वर्षं ती मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात काटे काढायच्या टेबलावर उभी होती. तुकड्यावरून बोट फिरवायचं, काटा लागला की चिमट्याने उपटायचा. सगळे तिला चिमटाबाई म्हणायचे. तिने तपासलेल्या मालाबद्दल एकदाही तक्रार आली नाही. मासा बर्फातला, आणि हात उघडे. हातमोजे मागितले की मुकादम म्हणायचा, मोज्यातून काटा लागत नाही. ते खरं होतं, म्हणून तर चीड यायची. निवृत्त झाली त्या दिवशी कारखान्याने तिला भेट म्हणून लोकरीचे हातमोजे दिले.

“खाणावळवाल्याला मी भर रस्त्यात फाडून खाल्लं,” ती म्हणाली. “म्हटलं, पोरीच्या जिवावर उठलास. तो बिचारा हात जोडून उभा. आणि तुम्ही घरात मूग गिळून बसलात?”

“तुला वाईट वाटलं असतं,” मुलगा म्हणाला.

“वाटलं असतं तर वाटलं असतं. बोटं कुणाची? माझी. मग ती बधिर झाली हे सगळ्या घराला ठाऊक आणि मला नाही? मी दर रविवारी मासा साफ करायचा आणि तुम्ही माझ्या पाठीमागे परत साफ करायचा. माझ्या हातांचा पोरखेळ करून ठेवलात.”

“ताई, पोरीसमोर नको.”

“पोरीसमोरच. तिच्याच घशात गेला तो.”

तिने वाटीतला एक काटा उचलला आणि अंगठा व तर्जनीत धरून चोळला. डोळ्यांना दिसत होता. डोळे मिटले, पुन्हा चोळला. डोळे उघडले तेव्हा काटा टेबलावर पडलेला होता. कधी निसटला, तिला कळलंच नव्हतं.

मग ती उठली आणि उद्यासाठी ठेवलेला कच्चा तुकडा ताटलीत घेऊन आली.

“उद्या मी खाणावळीत जाऊन त्याची माफी मागणार. तू बरोबर येशील,” ती मुलाला म्हणाली. “आणि तू, सूनबाई, कशाने काढतेस काटे?”

“मोबाईलचा उजेड पाडून.”

“उजेडात निम्मे दिसत नाहीत. ये इकडे. बोट ठेव. डोक्याकडून शेपटीकडे. दाबू नको, मांजराच्या पाठीवरून फिरवतेस तसं.”

“आई, तुम्ही जेवा तरी आधी.”

“बोट ठेव म्हणते ना.”

सुनेने बोट ठेवलं. तिने आपला तळवा सुनेच्या हातावर टेकला आणि तो हात हळूहळू पुढे नेऊ लागली. तुकड्याच्या मध्यावर ते बोट थबकलं.

“लागला,” सून पुटपुटली.

तिने मान हलवली. बोट थांबलं, एवढं तिला कळलं होतं.