फ्लॉरिडाच्या गाडीची सुटी पायरी

मी एक जुनी, सुटी पायरी आहे. मित्रांनो, संग्रहालयात येणारे मला स्टूल समजतात, आणि त्यांचंही फारसं चुकत नाही. चार पाय, वर रबर, अंगाला पिवळा रंग. आगगाडीच्या डब्याची शेवटची पायरी आणि जमीन यांत हातभर अंतर असायचं, म्हणून मला खाली ठेवत. एवढ्याशा कामाची गोष्ट होते का, याची मला अजून खात्री नाही.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं. तिथून मी फ्लॉरिडाला जाणाऱ्या गाडीच्या झोपायच्या डब्यात आले. हिवाळ्यात श्रीमंत मंडळी लोकरी कोट घालून चढायची आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या बुटांनी संत्र्यांच्या मुलखात उतरायची. महायुद्धाच्या काळात सैनिकांचे जड बूट आले. समुद्राच्या वाऱ्याने मी गंजायची, पण दरवर्षी नवा रंग मिळे. "सोयीचं आहे हे," असं कुणी उतरताना म्हणे. तेवढी स्तुती मला पुरायची.

माझा सांभाळ डब्याचा सेवक ॲम्ब्रोज गेन्स करायचा. प्रवासी त्याला जॉर्ज म्हणत. सगळ्याच काळ्या सेवकांना तेव्हा जॉर्ज म्हणायची पद्धत होती. तेव्हाच्या कायद्याने काळ्या प्रवाशांचा डबा वेगळा, अगदी पुढे. त्याच्या दाराशी पायरी ठेवत नसत.

एका फेब्रुवारीत ॲम्ब्रोजची आत्या, मिस ऑर्लिना, जॅक्सनव्हिलच्या दवाखान्यातून आमच्याच गाडीच्या त्या पुढच्या डब्यातून घरी निघाली. खुब्याचं हाड मोडून नुकतंच जुळलं होतं. पुन्हा पडलात तर चालणं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चढताना दोन हमालांनी तिला उचललं. पण तिच्या गावचं स्टेशन, पाम शोल्स, म्हणजे नुसता वाळूचा उतार. ना फलाट, ना हमाल, आणि गाडी जेमतेम थांबायची.

त्याच ठिकाणी आमच्या डब्यातून मिस्टर वेंडल नावाचे गृहस्थ मासेमारीला उतरणार होते. आधी त्यांच्या पेट्या उतरवत बसलं, तर आत्या उतरायच्या आत गाडी सुटली असती. ॲम्ब्रोजने मला उचललं, काखोटीला मारलं आणि पुढे धावला.

"जॉर्ज, अरे माझी पायरी कुठे नेतोस?"

"आलोच, साहेब."

आत्या दारात उभी होती. एका हातात दाराचा दांडा, दुसऱ्या हातात तळलेल्या कोंबडीने भरलेलं बुटांचं खोकं.

"धापा काय टाकतोस? बापासारखी पळायची भारी हौस."

"आत्या, पाय टाक. बोल नंतर."

"माझ्या तोंडाला खुबा नाही, पोरा. ते चालतंय."

गाडीचे प्रमुख, कॅप्टन प्रुइट, घड्याळ हातात धरून आले. "ॲम्ब्रोज, ही मागच्या डब्याची पायरी."

"हो, कॅप्टन."

"मग इथे काय करतेय?"

उत्तर आत्यानेच दिलं. "पायरीला कुठे कळतंय, कॅप्टन, वर कोण आहे ते."

मित्रांनो, मला कळत होतं. तिचा डावा पाय घाबरत घाबरत टेकला. माझा एक पाय वाळूत रुतला आणि मी कलले. ॲम्ब्रोजने गुडघे टेकून मला दोन्ही हातांनी धरलं. आत्याने त्याच्या खांद्यावर भार टाकला आणि सावकाश, फार सावकाश, जमिनीवर आली.

"घे. तुझ्यासाठी तंगडी ठेवलीय."

"हात रिकामा नाही, आत्या."

मागे मिस्टर वेंडल कंटाळून वाळूत उडी मारून मोकळे झाले होते. त्यांनी तक्रार केली. त्या हंगामापुरतं ॲम्ब्रोजला घरी बसवलं, आणि नंतर दुसऱ्या गाडीवर पाठवलं. मला तो पुन्हा दिसला नाही. आत्या मात्र दिसायची. पाम शोल्सला गाडी थांबली की काठी टेकत स्वतःच्या पायांनी उताराशी यायची, नव्या सेवकाचा चेहरा बघायची आणि परत फिरायची.

पुढे कायदा बदलला, वेगळे डबे गेले. मग रुंद रस्ते आणि विमानं आली. प्रवासी कमी झाले आणि एक दिवस गाडीच बंद पडली. मी कितीतरी वर्षं एका गोदामात पडून होते. रबर तडकलं, रंग उडाला.

आता मला नवा रंग आहे आणि भोवती दोर आहे. जुन्या वस्तू जपा, हे मी सांगायला हवं, आणि ते खरंही आहे. पण मला नुसतं पुसून ठेवू नका. या संग्रहालयाचा उंबरा उंच आहे. काठी घेऊन आलेली माणसं तिथे थबकतात, आत डोकावतात आणि कधीकधी परत जातात. मित्रांनो, मला तिथे नेऊन ठेवा. आणि तुमच्यापैकी एकाने खाली बसून मला दोन्ही हातांनी धरा.