काठी मी मागितली

"तुमीबी उचला, बाई," मायाप्पा म्हणाला. "नुसतं आमी उचलून चालत न्हाय."

गोदावरीचा हात पदराआड होता, तो तिथेच राहिला. समोर त्याच्या बायकोनं, केराबाईनं, पाटावर बेलाचं पान ठेवलं होतं आणि पानावर चिमूटभर भंडारा, म्हणजे देवापुढची हळद. अंगणात मेंढरांचा वास भरून राहिला होता. शुक्रवार पेठेतल्या यज्ञेश्वर मास्तरांची बायको धनगरांच्या वस्तीवर येऊन घोंगडीवर बसली, एवढ्यानंच पेठेला महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला होता. त्यात आता बिरोबापुढे बेलभंडार उचलायचा, म्हणजे शपथ घ्यायची. सासूबाई असत्या तर त्यांनी तिथल्या तिथे अंघोळ घातली असती.

मायाप्पाची आणि तिची ओळख तशी जुनी. तो मंगळवेढ्याकडचा. मेंढरं भावांकडे सोडून इथे शहरात घोंगड्या विकायचा, आणि विकायला बसायचा तो मास्तरांच्या शाळेच्या ओट्यावर. डोईला लाल मुंडासं, शेजारी तेल पिऊन काळी झालेली काठी, तिच्या टोकाला पितळेची तार गुंडाळलेली. गोदावरी मास्तरांचा डबा घेऊन यायची तेव्हा तो पाय आखडून तिला वाट द्यायचा. इतकीच ओळख. पण गेले तीन महिने मास्तर तुरुंगात होते, आणि पेठेतल्या थोरामोठ्यांच्या ओळखींचा भाव कळून चुकल्यावर तिला हीच ओळख आठवली.

"काय म्हणायचं उचलताना?" तिनं विचारलं. "मास्तर निर्दोष आहेत, असं?"

"तसं न्हाय. निर्दोष हाय का न्हाय ते द्येवाला ठावं. भंडाऱ्यावर डोळ्यानं बघितलेलं तेवढंच ठेवत्यात." त्यानं पान तळहातावर घेतलं. "त्या दिशी जे बघितलं, ते सायबाम्होरं सांगीन. कमी न्हाय, जास्त न्हाय."

शाळेसमोर चिरमुरे-फुटाणे विकणारी सुंदरम्माही आली होती. तिनंही तेच म्हटलं, आपल्या कानडी हेलात. मग गोदावरीनं पान उचललं. हळद बोटांना लागली. बाकी तिला काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. तिला घाई होती ती साक्षीदार पक्के करण्याची.

केराबाईनं पाट उचलला. उठता उठता ती म्हणाली, "बाई, ह्यास्नी काय हुनार न्हाय न्हवं? सायबाच्या दारात आमचं माणूस कदी गेलं न्हाय."

"त्यांच्या केसाला धक्का लागणार नाही," गोदावरी म्हणाली. "माझा शब्द आहे. मास्तर सुटले की पहिले तुमच्या दारात येतील."

मास्तरांना पकडलं त्या दिवशी झालं होतं ते इतकंच. लष्करी कायदा लागलेला, गल्लीच्या तोंडाला बंदुकवाले गोरे शिपाई, डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी माणूस उचलत होते. शहरातले पुढारी पकडले गेले, काही गावोगाव पांगले. मास्तर आठ दिवस जेवले नाहीत धड. मग एका सकाळी म्हणाले, "मुलांना मी इतिहास शिकवतो. कुठल्या तोंडानं शिकवू?" गोदावरीनंच झेंडा शिवला, आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडून. शाळेपर्यंत मास्तरांनी तो सदऱ्याखाली नेला. पायरीवर आल्यावर दोघांच्या लक्षात आलं की झेंडा आहे, पण काठी नाही. इतिहासाच्या पुस्तकात काठीचं लिहिलेलं नसतं. तेव्हा तीच ओट्यापाशी गेली आणि म्हणाली, "मायाप्पा, घटकाभर काठी द्या." त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. दिली.

मास्तर पायरीवर उभे राहिले. "हा आपला आहे. मी इथे उभा आहे," एवढंच बोलले. पन्नासेक माणसं जमली, टाळ्या वाजल्या. दगड नाही, शिवी नाही. शिपाई आले आणि त्यांना घेऊन गेले, झेंड्याबरोबर काठीही गेली. पुढे खटल्यात मात्र आलं की जमावानं दगडफेक केली आणि मास्तरांनी चिथावणी दिली. शिक्षा दोन वर्षांची.

ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्याकडे गोदावरी पहिल्यांदा गेली. दगड पडला नाही, एवढंच येऊन सांगा, म्हणत होती ती. पण टाळ्या वाजवणाऱ्या हातांना आता फार कामं लागली होती. कुणाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, कुणाला बढती मिळायची होती, कुणी त्या दिवशी पंढरपुरात असल्याचं त्याला आत्ताच आठवत होतं. मास्तरांबरोबर रोज संध्याकाळी तळ्यावर फिरायला जाणारे दोघे तिला पाहून समोरच्या दुकानात शिरले, ते दुकान बांगड्यांचं होतं तरी. हेडमास्तरांनी पाणी दिलं, पाट दिला आणि हात जोडले. गोदावरी रोज चार दारं करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात उभी. पेठेनं तिला "मास्तरांची वसुली" असं नावही ठेवलं. ठेवू दे, म्हणाली. नवऱ्यानं एक दिवस उभं राहून दाखवलं होतं, तिला रोज उभं राहायचं होतं. आणि मनातून ती त्या काळात कधी नव्हती इतकी ताठ होती. माझा माणूस खरं बोलून तुरुंगात गेला, या एका गोष्टीवर ती जेवत होती आणि झोपत होती.

लष्करी कायदा उठला, आणि शिक्षांची फेरतपासणी करायला एक साहेब येणार असं वकिलांनी सांगितलं. म्हणून हा बेलभंडार.

तपासणीच्या दिवशी तिघंही कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसली होती. मायाप्पानं मुंडासं धुऊन घेतलं होतं. सुंदरम्मानं आज टोपली भरली नव्हती, म्हणजे आजची चूल उद्यावर. वकील बाहेर आले ते हसतच.

"तुम्ही आत यायची गरज नाही, बाई. काम झालं. मास्तर आज घरी येतात."

गोदावरीनं लिंबाच्या खोडाला हात टेकला. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा रडली. सुंदरम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मायाप्पा उगाच आभाळाकडे बघत हसला. तेवढ्यात पट्टेवाल्यानं पुकारलं, "मायाप्पा वल्द ज्ञानबा, धनगर."

"बगा, मला बोलावलंच की," असं म्हणून तो साक्ष द्यायला उठला. वकिलांचा चेहरा पाहून गोदावरी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

आत मास्तर एका बाजूला उभे होते. वाळले होते, दाढी वाढली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावर ती काठी आडवी ठेवलेली होती. दुभाष्यानं मास्तरांची जबानी मराठीतून वाचून दाखवली. मास्तरांना पश्चात्ताप झाला होता. जमावानं दगड मारले हे त्यांना मान्य होतं. ते स्वतः शांत स्वभावाचे शिक्षक. झेंडा आणि काठी मायाप्पा नावाच्या एका धनगरानं त्यांच्या हातात कोंबली, आणि त्याच्या दांडगाईपुढे त्यांचा इलाज चालला नाही.

गोदावरीला वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी वाचतायत.

"ही काठी कुणाची?" साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं.

तशा काठ्या जिल्ह्यात हजारो. एक "न्हाय" म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मायाप्पानं मास्तरांकडे एकदा पाहिलं, रागानं नाही, नीट ओळख पटवावी तसं.

"माजी हाय, सायेब. तार मीच गुंडाळलीया."

"तूच दिलीस?"

"व्हय."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याला लवकर उरकायचं होतं. दुभाष्यानं समजावलं, की मास्तरांनी केलं तेच कर. दगडफेक झाली, मी चिथावलं, चुकलो, असं लिहिलंय त्यावर अंगठा उठव आणि जा घरी.

दाराशी उभ्या गोदावरीला त्याची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती मनातल्या मनात त्याला सांगत होती, उठव अंगठा, उठव बाबा, केराबाईला मी शब्द दिलाय.

"दगुड पडला न्हाय, सायेब," तो म्हणाला. "न पडलेला पडला कसा म्हनू? भंडारा उचललाय मी."

दुभाष्याला भंडाऱ्याचं इंग्रजी काही जमलं नाही. त्यानं ते सोडून दिलं.

तेव्हा गोदावरी आत शिरली. डोईवरचा पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. "काठी मी मागितली," ती म्हणाली. "झेंडा मी शिवला. मायाप्पांना ठाऊकही नव्हतं कशाला हवी ते. मीही बेलभंडार उचललाय, माझं लिहून घ्या." वकिलांनी दंड धरून तिला मागे ओढली आणि साहेबाला काहीतरी सांगितलं. साहेबानं समजूतदारपणे मान हलवली. नवऱ्याच्या विरहानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं ते सांगणं होतं, हे तिला नंतर कळलं. लिहून काहीच घेतलं नाही. मायाप्पाला मागच्या दारानं नेलं. सुंदरम्मा बाहेर वाट बघून बघून निघून गेली होती.

घरी पाहुणे जमले होते. ज्यांना तीन महिने वेळ नव्हता ते सगळे पेढे घेऊन आले होते. हेडमास्तर म्हणाले, सोमवारपासून वर्गावर या. तळ्यावर फिरायला जाणारे दोघे तर मास्तरांच्या गळ्यातच पडले. गोदावरीनं पाणी तापवलं, अंग पुसायला पंचा दिला, पान वाढलं. माणसं गेल्यावर मास्तर भात कालवत म्हणाले, "तू असं बघू नकोस माझ्याकडे. तिथे काय आहे ते तुला माहीत नाही. मी मेलो असतो."

"मग माफी मागायची होती. मी काही म्हटलं नसतं." ते खरं होतं. नवरा भ्याला म्हणून ती चिडली नव्हती. "त्याचं नाव का घेतलंत?"

"नाव द्या म्हणाले. कुणाचं तरी द्यावंच लागतं. तुझं देऊ?" ते थांबले. मग थोड्या मऊ आवाजात म्हणाले, "त्या लोकांना उन्हातान्हाची, उपाशी राहण्याची सवय असते गं. त्यांना तितकं जड जात नाही."

"मी केराबाईला शब्द दिला होता."

"तू दिला होतास," मास्तर म्हणाले. "मी नाही." आणि त्यांनी ताकाची वाटी पुढे केली.

गोदावरीनं ताक वाढलं. या माणसासाठी आपण दारोदार पदर पसरला, याची लाज तिला वाटली नाही. चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. पायरीवर उभा राहिलेला तो माणूस खराच होता, तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तो यांनी विकून टाकला होता, आणि तिला न विचारता.

मायाप्पाला वर्षाची शिक्षा झाली. गोदावरी वस्तीवर गेली तेव्हा केराबाई घोंगड्यांचा गठ्ठा बांधत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "त्येंचं गिऱ्हाइक तुटाय नगं. मीच जाऊन बसते वट्ट्यावर."

गोदावरी पुन्हा दारं फिरू लागली. पहिल्याच दारात तिला विचारलं, "आता कुणासाठी, बाई? मास्तर तर सुटले." मायाप्पासाठी म्हटल्यावर दार लावायची घाईसुद्धा कुणी केली नाही, हसलेच. धनगरासाठी कोण तपासणी करणार? दारं संपली, तशी ती एका सोमवारी शाळेच्या ओट्यावर गेली.

केराबाई मायाप्पाच्या जागी बसली होती. शेजारी काठीऐवजी बाभळीचा फोक. पलीकडे सुंदरम्माची टोपली. तिनं गोदावरीकडे पाहून तोंड फिरवलं.

"मी बसू इथे?"

"भुई सरकारची हाय," केराबाई म्हणाली. थोड्या वेळानं तिनं घोंगडीचं एक टोक तिच्याकडे सरकवलं.

घोंगडी बघायला जो थांबे त्याला गोदावरी सांगू लागली. त्या दिवशी इथे काय झालं. दगड पडला नाही. काठी मी मागितली. कमी नाही, जास्त नाही. कुणी ऐकत, कुणी घासाघीस करून निघून जात. दुपारपर्यंत पेठेत बातमी गेली. माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघून गेली, आणि सुंदरम्मानं, कुणाला उद्देशून कोण जाणे, "व्हय, मीबी बघितलंय की," म्हणून मापटं आपटलं.

मधल्या सुट्टीत जेवायला घरी गेलेले मास्तर परत आले. नवा कोट, हातात पुस्तक. बायकोला ओट्यावर बसलेली पाहून ते गल्लीच्या तोंडाशी थबकले. शाळेत जायला दुसरी वाट नव्हती. ते खाली मान घालून चालत आले, पायरीशी पोचले. तिथे गठ्ठा पसरला होता, जागा अरुंद होती.

गोदावरीनं पाय आखडून त्यांना वाट दिली.