चेंडू खाणारी भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. फुटबॉलच्या मैदानाला लागून उभी आहे. एका गवंड्याने उरल्यासुरल्या विटांतून मला बांधले आणि जाताना म्हणाला, "ही कसली टिकतेय!" तो गेला, मी आहे.

माझे काम एकच. चेंडू खायचा आणि परत द्यायचा. रखवालदाराची मुलगी चिमणी शाळा सुटली की यायची आणि धाडधाड चेंडू मारायची. मुलींच्या संघाची निवड जवळ आली होती. तिला त्यात जायचेच होते आणि सरावाला माझ्याशिवाय कोणी नव्हते.

त्याच मोसमात आमच्या क्लबने एक मोठा परदेशी खेळाडू आणला. त्याने जग गाजवले होते, पण आता वय झाले होते. केस पिकलेले, गुडघ्यांना पट्ट्या. तरी बापरे, काय ती गर्दी! मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तो धावायचा नाहीच. उभ्या उभ्या नुसता पाय लावायचा आणि चेंडू हव्या त्या गड्यापाशी जाऊन थांबायचा. असे मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या विटा शहारल्या.

क्लबवाले तर हरखूनच गेले. त्यांनी माझ्यावर त्याचा भला मोठा चेहरा रंगवला आणि शेजारी पाटी ठोकली, 'येथे चेंडू मारू नये.' भिंतीला कान असतात म्हणतात, मला तर नाकही मिळाले! खोटे कशाला बोलू, मी फुगून गेले. पण दुसऱ्या दिवशी चिमणी चेंडू घेऊन आली आणि रखवालदार धावला.

"अगं ए, थांब! साहेबांच्या तोंडावर मारतेस? माझी नोकरी घालवशील."

"बाबा, मग मी सराव कुठे करू? निवड आठ दिवसांवर आलीये."

"मी तरी काय करू गं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. माझा सगळा तोरा उतरला.

तेवढ्यात तो खेळाडू लंगडत आला. त्याने पाटी पाहिली, चिमणीकडे पाहिले. भाषा येत नव्हती, पण रडणाऱ्या पोरीला काय हवे ते कळायला भाषा कशाला लागते? त्याने तिचा चेंडू घेतला आणि आपल्याच रंगवलेल्या नाकावर फाडकन मारला. रंगाचा टवका उडाला. रखवालदाराने तोंडात बोट घातले. मग चेंडू चिमणीकडे सारून तो सरावात शिकलेला एकुलता एक शब्द बोलला, "पुन्हा!"

पाटी त्यानेच उपटली. निवडीपर्यंत तो रोज आला, आणि चिमणी निवडली गेली.

मोसम संपला, तो गेला. नव्याचे नऊ दिवस! गर्दीही ओसरली. लोक म्हणू लागले, "म्हातारा आला, मिरवला, गेला. खेळाचं काय भलं झालं?" मी काय सांगणार! पण आज चिमणी संघाची कप्तान आहे. रोज वस्तीतल्या पोरींना माझ्यापाशी घेऊन येते. माझे नाक गेले, कपाळ गेले. एक डोळा तेवढा उरला आहे.

काल क्लबने रंगारी पाठवला. असाच दुसरा मोठा खेळाडू येतोय म्हणे. मी धास्तावले. चिमणी मात्र हसली.

"दादा, खुशाल रंगवा. फक्त नाक जरा मोठं काढा, पोरींना नेम धरायला बरं पडतं."

मित्रांनो, माझेही तेच मागणे आहे. थोरांची चित्रे माझ्यावर जरूर काढा, पण ती पाटी लावू नका. रंग वाळायची वाट बघत पोरी उभ्या आहेत.