मी बंद पडलेली नाही

मी लान्सर बोलतेय. उभ्या उभ्याच सांगते, आणि भरभर सांगते, कारण एका जागी उभं राहिलं की मला काही सुचत नाही.

माझं कूळ जपानचं, जन्म तमिळनाडूतला आणि संसार शिरूर तालुक्यातला. माझ्या चुलत बहिणी देशोदेशी चिखला-बर्फातल्या शर्यती धावल्या म्हणे. माझ्या नशिबी उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगणं आलं. तरी मी नाक वरच ठेवलं. मांडवगणजवळच्या वस्तीवर मारुतरावांनी मला आणलं, तेव्हा आजूबाजूला जीपगाड्याच होत्या, मागं डिकी असलेली अशी लांबसडक गाडी एकही नव्हती. बायकांनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि त्याच लग्नसराईत मी नवरदेवाची गाडी झाले.

किती नवरदेव वाहिले, कोण मोजतंय. सगळ्यांना एकच खोड. फेटा छताला घासतोय हे दिसत असतं, पण त्या दिवशी मान वाकवायची कुणाचीच तयारी नसते. मागं करवल्या दाटीवाटीनं बसत आणि एकमेकींच्या साड्या चुरगळल्या म्हणून कुरकुरत. मला ते सगळं आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका वर्षी कंपनीनं माझ्यासारख्या गाड्या बनवणंच बंद केलं. मारुतरावांचा थोरला, सत्यजीत, त्यानं ही बातमी मोबाइलवर वाचली आणि चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, "आमची लान्सर बंद झाली." झालं! बंद झाली आणि बंद पडली यात फरक करायला सवड कुणाला आहे? लोक मारुतरावांना भेटायला येऊ लागले.

"काय वो आप्पा, इंजन धरलं म्हणं?"

मारुतराव मानी माणूस. खुलासा करायचे नाहीत, नुसतं मला चालू करून दाखवायचे. पण लग्नाचं बोलावणं यायचं थांबलं ते थांबलंच. सत्यजीतनं एक उंचच उंच गाडी घेतली आणि मी कांद्याच्या चाळीला लागून पत्र्याच्या छपरात गेले.

तिथं माझा जीव नुसता आंबून गेला. रस्त्यावर हॉर्न वाजला की वाटायचं, आपणच निघालोय. टपावर कोंबड्या बसू लागल्या. मारुतराव तेवढे दर अमावास्येला नारळ फोडत आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवत. त्या वेळी त्यांची धाकटी, धनश्री, हटकून शेजारी येऊन बसे. ती केमिस्ट्री शिकली, कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये लागली. मारुतरावांनी पडीक रानात तिला माझ्यावरच गाडी शिकवली. "पिवळा दिवा इझूस्तवर किल्ली फिरवायची न्हाई. डिझेल गाडी हाय, तिला दम खाऊ द्यायचा," असं ते बजावत. पोरीनं लायसन्सही काढलं. पण रस्त्यावर गाडी काढायची म्हटलं की सत्यजीत आडवा येई. भाऊ असताना बहिणीनं गाडी हाकली तर लोक काय म्हणतील, हे त्याचं ठरलेलं.

मागच्या महिन्यात कंपनीची बस आमच्या बाजूला येईनाशी झाली. स्वयंपाकघराची खिडकी माझ्या छपराकडेच उघडते, त्यामुळे सगळं कानावर आलं.

"बस बंद, मग नोकरी बी बंद," सत्यजीत म्हणाला. "राजीनामा दिऊन ये. स्थळं बघू आता."

 मारुतरावांनी त्याला अडवलं नाही, आणि त्यांचा मला भयंकर राग आला. त्याच आठवड्यात सत्यजीतनं शिक्रापूरच्या भंगारवाल्या हौसरावांना फोन लावला, "बंद गाडी हाय, घिऊन जावा."

हौसराव सकाळीच क्रेनचा टेम्पो घेऊन आले. साखळीचा हूक माझ्या पुढच्या बंपरखाली गेला. तेवढ्यात धनश्री घरातून बाहेर पडली. राजीनामा द्यायलाच निघाली होती. माझ्याकडं बघितलं, जागीच थांबली, परत आत जाऊन किल्ली घेऊन आली आणि सरळ माझ्या स्टिअरिंगमागं बसली.

"धने, उतर खाली," सत्यजीत ओरडला.

तिनं किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. ती त्याच्याकडं बघत राहिली, दिवा विझेपर्यंत. मग पूर्ण फिरवली. मी नुसतीच घरघरले. खरं सांगते, मी घाबरले. आता चुकले तर दोघीही गेलो. दुसऱ्यांदा तिनं किल्ली फिरवली आणि होतं नव्हतं ते बळ लावून मी धडधडत चालू झाले. काळा धूर मागं उभ्या हौसरावांच्या पांढऱ्या शर्टावर.

"सत्यजीतराव, बंद गाडी म्हणाला व्हता तुम्ही."

"म्हंजी, कंपनीनं बंद केलीय."

"आन् मी चालू गाडी तोडू व्हय? जित्या जनावराला कोण कापतंय का असं," म्हणत त्यांनी हूक काढून घेतला.

धनश्रीनं काच खाली केली. "आप्पा, बस बंद झाली. माझी नोकरी न्हाई झाली बंद. मी काय करू, सांगा."

मारुतराव ओट्यावर उभे होते. सत्यजीत त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली, सावकाश चालत आले, डावीकडचं दार उघडलं आणि बसले.

"चल. पुलावर दमानं घे."

भीमेवरचा पूल, दौंडची गर्दी, मग हायवेचे कंटेनर. माझे टायर जुने, क्लच कडक, पण मला थांबावंसं वाटेना. वाटभर मारुतरावांनी दाराची मूठ धरून ठेवली होती आणि धनश्रीच्या पायाबरोबर आपलाही पाय ब्रेक दाबत होता. 

कंपनीच्या गेटवर वॉचमन वाकून आत बघू लागला. "राम राम आप्पा. लेकीला सोडाया आलाय जणू?"

"न्हाई," मारुतराव म्हणाले. आत जाणाऱ्या पोरापोरींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तिनं आणलंय मला."

मग ते खाली उतरले आणि एसटीनं घरी गेले.

तेव्हापासून मी रोज कुरकुंभला येते. माझे पार्ट मिळत नाहीत, मेकॅनिक मला बघून डोकं खाजवतो. एक दिवस मी खरंच बंद पडेन, तेव्हा खुशाल तसं म्हणा. त्याआधी नको. आणि तुमच्या घरात कुणाचं काही बंद करायचं ठरत असेल, तर ज्याचं त्याला एकदा विचारून बघा.

शिफ्ट सुटली. ती येतेय, जरा बाजूला व्हा. येते मी.